कोंबड्यांची मर आणि शंभर थेंबांची बाटली

फाल्गुन सरत आला, ऊसतोडीच्या कोप्या उठू लागल्या आणि गावोगावच्या जत्रांच्या तारखा ठरल्या, की दौंड-शिरूरकडच्या वस्त्यांवर बायकांच्या बोलण्यात एक विषय हमखास येतो. पाण्याच्या टाकीपाशी, बाजाराच्या वाटेवर, नाहीतर केडगाव स्टेशनात दौंडच्या गाडीची वाट बघताना विचारणा होते, ‘काय मावशी, कोंबड्या ऱ्हायल्या का काही?’ ‘कुठं गं बाई! धा होत्या, आठ दिसांत खुराडं मोकळं झालं.’ ‘औंदा हवाच तशी हाय.’ मग कुणाची तलंग नुकतीच अंड्यावर आली होती, कुणाची कोंबडी रवणीवर बसल्या जागी मेली, कुणाचा जत्रेसाठी राखलेला कोंबडा गेला, याची उजळणी होते. दोन महिन्यांनी कुणाकडून तरी चार अंडी मागून आणायची, कोंबडी बसवायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

हे केडगाव पुणे-दौंड लोहमार्गावरचे, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचे. नगरजवळचे केडगाव वेगळे. कालव्याचे पाणी, ऊस, गुऱ्हाळे, कांद्याचा बाजार असा हा भाग. इथे मोठ्या पोल्ट्रीही आहेत, पण आजचा विषय त्या नव्हेत. घरामागे पाच-पंधरा कोंबड्या, विटांचे नाहीतर पत्र्याचे खुराडे, उकिरड्यावर दिवसभर उकराउकर आणि संध्याकाळी मूठभर दाणे अशा गावरान कोंबड्यांबद्दल बोलायचे आहे.

हवेवर खापर फोडणे सोपे असते. उन्हाळ्यात पत्र्याखाली कोंबड्या धापा टाकतात, उष्माघाताने मरतातही. पण उष्माघाताने मान पिळवटून पाठीवर जात नाही, की हिरवट पातळ हगवण लागत नाही. आधी एखादी कोंबडी पिसे फुलवून कोपऱ्यात बसते, दाणा सोडते, चोच उघडून घरघरते. अंडी देणारी असेल तर मऊ कवचाचे अंडे टाकते किंवा अंडी बंदच करते. एखाद्या कोंबडीचा पंख लोंबतो, एखादीचा पाय ओढला जातो, एखादी मान वाकडी करून जागच्या जागी गोल फिरते. आणि आठवड्याभरात दहापैकी आठ-नऊ संपतात. हा बहुतेक वेळा राणीखेत असतो. गावात त्याला मानमोडी म्हणतात आणि ते नाव अगदी नेमके आहे.

राणीखेत हे उत्तराखंडातल्या कुमाऊँ टेकड्यांतले थंड हवेचे गाव. 1920 च्या दशकात या रोगाची भारतातली नोंद तिथल्या कोंबड्यांत झाली आणि गावाचे नाव रोगाला चिकटले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये न्यूकॅसल शहराजवळ तोच रोग दिसला, म्हणून जगभर त्याला न्यूकॅसल रोग म्हणतात. कारण एक विषाणू. विषाणू म्हटल्यावर प्रतिजैविकांचा प्रश्नच संपतो. तरीही कोंबडी आजारली की दुकानातून लाल-पिवळी पावडर आणून पाण्यात मिसळण्याची पद्धत आहे. लसूण, हळद, गुळाचे पाणी हेही चालते. गुळाच्या पाण्याने उन्हात थकलेल्या पक्ष्याला तरतरी येते, त्याला कुणाची ना नाही. पण मानमोडीवर त्याचा काडीचा उपयोग नाही. प्रतिजैविकाच्या पावडरीने तर उलटे नुकसान होते. औषधाला दाद न देणारे जिवाणू अशा वापरातूनच तयार होतात. कोलिस्टिन हे माणसांसाठी शेवटच्या फळीतले औषध. जनावरांत आणि कोंबड्यांत त्याच्या वापरावर केंद्र सरकारने 2019 मध्ये बंदी घातली ती याच काळजीपोटी.

मग मर याच दिवसांत का येते? ऊन आणि पाण्याची ओढाताण यामुळे पक्ष्याची ताकद घटते, हे एक कारण. दुसरे कारण माणसांच्या वहिवाटीत आहे आणि मला ते जास्त महत्त्वाचे वाटते. चैत्राच्या आसपास कोंबड्या सर्वात जास्त फिरतात. जत्रेसाठी कोंबडे विकले-आणले जातात. हंगाम संपवून परतणाऱ्या काही ऊसतोड कुटुंबांच्या गाड्यांत कोंबड्या असतात. जाता जाता त्यातल्या काही विकल्या जातात. पाहुणे कोंबडी भेट देतात. दोष यातल्या कुणाचाच नाही. पण विषाणू विष्ठेतून, नाकातोंडाच्या स्रावातून, टोपलीच्या कामट्यांतून, चपलेच्या तळव्यातून प्रवास करतो आणि कोंबडी आजारी दिसण्याआधीच तो बाहेर पडू लागलेला असतो. त्यातच एक सवय साऱ्या गावाला महाग पडते. खुराड्यातल्या दोन कोंबड्यांनी माना टाकल्या, की उरलेल्या ‘मरायच्या आत’ बाजारात नेऊन विकायच्या. ज्या घरी ती कोंबडी जाते, त्या वस्तीची पाळी पुढच्या आठवड्यात येते. आषाढात आखाडाच्या निमित्ताने हाच फेरा पुन्हा होतो.

दहा कोंबड्या गेल्या तर असे काय मोठे गेले, असे शहरी वाचकाला वाटू शकेल. 2019 च्या पशुगणनेत देशात 85 कोटी 18 लाख कुक्कुटपक्षी मोजले गेले. त्यातले 31 कोटी 70 लाख परसातले होते, आणि आधीच्या म्हणजे 2012 च्या गणनेपेक्षा ही संख्या सुमारे 46 टक्क्यांनी वाढली होती. हे पक्षी बहुतांश बायका सांभाळतात. उसाचे बिल घरातल्या पुरुषाच्या खात्यावर जमा होते. अंड्याचे आणि कोंबडीचे पैसे मात्र बाईच्या हातात पडतात. वही-पेन, गोळ्या-औषध, माहेरी जाण्याचे भाडे त्यातून निघते. घरातल्या लहान मुलाच्या ताटात आठवड्यातून दोन-तीन अंडी येतात तीही तिथूनच. खुराडे रिकामे होते तेव्हा हे सगळे एकदम थांबते, आणि त्याची नोंद कुठल्याही नुकसानभरपाईच्या यादीत होत नाही.

खरी खंत अशी, की या रोगावर चांगली लस कित्येक दशकांपासून आहे. कुमाऊँतल्याच मुक्तेश्वर इथल्या पशुवैद्यक संशोधन संस्थेने तयार केलेली आरटूबी लस 1940 च्या दशकातली. पिल्लांसाठी लासोटा आणि एफ-वन या सौम्य लसी आहेत. लसी बनवणारी शासनाची पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था तर पुण्यात, औंधला आहे. केडगावहून ती फार दूर नाही. मग लस खुराड्यापर्यंत का पोहोचत नाही?

उत्तर बाटलीत आहे. लस कोरड्या वडीच्या रूपात छोट्या काचेच्या बाटलीत येते आणि एका बाटलीत शंभर, दोनशे, पाचशे, हजार पक्ष्यांचे डोस असतात. बाटली फ्रीजमध्ये, म्हणजे 2 ते 8 अंश तापमानात ठेवावी लागते. सोबतच्या द्रावणात एकदा विरघळवली, की तास-दोन तासांत संपवावी लागते. उरलेली दुसऱ्या दिवशी निव्वळ पाणी. पाच हजार पक्ष्यांच्या पोल्ट्रीला हे सोयीचे. दहा कोंबड्यांच्या मालकिणीने शंभर डोसांची बाटली आणायची, एप्रिलच्या उन्हात बर्फात घालून वस्तीपर्यंत न्यायची, दहा थेंब वापरून नव्वद ओतून द्यायचे? ती आणत नाही, आणि तिचा हिशेब बरोबर आहे. लसीकरणाबद्दल ‘जागृतीचा अभाव’ म्हणून जे सांगितले जाते, त्यातला बराच भाग हा बाटलीच्या मापाचा प्रश्न आहे.

हाच पेच इतर देशांतही होता. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठातले पीटर स्प्रॅडब्रो यांनी खेड्यातल्या कोंबड्यांसाठी उष्णता बऱ्यापैकी सहन करणारी आय-टू नावाची लस विकसित केली आणि तिचे मूळ बीज गरीब देशांतल्या प्रयोगशाळांना दिले. टांझानिया, मोझांबिक अशा देशांत गावातल्याच बायकांना शिकवून तयार केले गेले. ठरलेल्या दिवसांत दर चार महिन्यांनी त्या घरोघर जाऊन डोळ्यात थेंब घालतात आणि कोंबडीमागे थोडे पैसे घेतात. लस चांगली होतीच, पण गाडी पुढे गेली ती मुख्यतः ‘सगळ्या घरांचा एकच दिवस’ या व्यवस्थेमुळे. आपल्याकडे नेहमीच्या लासोटावरही ती व्यवस्था बसवता येते. बचत गट आहेत, अंगणवाडीतल्या भेटी आहेत, पशुवैद्यकीय दवाखाना आहे. दहा घरांच्या मिळून शंभर कोंबड्या झाल्या, की बाटली पुरेपूर वापरली जाते आणि घरटी खर्च किरकोळ राहतो.

एकत्र करण्याला विज्ञानाचाही आधार आहे. लस घेतलेली कोंबडी मरत नाही, पण विषाणू तिच्या अंगात शिरल्यास थोड्या प्रमाणात बाहेर टाकू शकते. शेजारच्या खुराड्यात लस नसेल तर विषाणू वस्तीतच घोटाळत राहतो आणि प्रत्येक नव्या पिल्लाला गाठतो. एकट्याने लस देण्यापेक्षा वस्तीने देणे म्हणूनच जास्त भक्कम.

दिवस ठरला की वेळही ठरवावी, भल्या पहाटे किंवा दिवेलागणीनंतर. कोंबड्या खुराड्यात असतात, धरायला सोप्या जातात आणि अंधारात शांत राहतात. दिवसा अंगणभर पळवून धरलेल्या कोंबडीला लस देणे हा तिच्यावर आणि आपल्यावरही अन्याय आहे. बाटली बर्फ घातलेल्या थर्मासमधून आणायची, उन्हात धरायची नाही, विरघळवल्यावर घोळक्यात हातोहात संपवायची. कोंबडी काखेत धरून मान आडवी करायची, डोळ्यात एक थेंब टाकायचा आणि ती डोळा मिटून थेंब आत घेईपर्यंत सोडायचे नाही. डोळ्यामागे हार्डेरियन नावाची ग्रंथी असते. लसीतला सौम्य विषाणू तिथे वाढतो आणि श्वासमार्गाच्या दारातच पहारा बसतो, म्हणून तर थेंब डोळ्यात. काही जण लस पिण्याच्या पाण्यातून देतात. ते चालते, पण नळाच्या पाण्यातले क्लोरीन लसीचा जीव घेते. अशा वेळी क्लोरीन नसलेले पाणी घेऊन त्यात साय काढलेल्या दुधाची थोडी पावडर आधी मिसळतात. शिवाय परसातल्या कोंबड्या डबक्यातूनही पितात, मग कुणी किती लस प्यायली हे कोण सांगणार? थेंबच बरा.

साधारण वेळापत्रक असे: पहिल्या आठवड्यात लासोटा किंवा एफ-वनचा थेंब, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा, आणि आठव्या आठवड्यात आरटूबीचे इंजेक्शन. लस दिलेल्या आईच्या पिल्लांना बलकातून काही आठवड्यांची उसनी प्रतिकारशक्ती मिळते. ती ओसरते, म्हणून दुसरा थेंब चुकवायचा नाही. आरटूबी जरा कडक आहे, कोवळ्या किंवा अशक्त पिल्लांना देत नाहीत. देवीची लस सहाव्या-सातव्या आठवड्यात पंखाच्या पातळ पडद्यात टोचतात. कालव्याकाठी डास भरपूर, आणि तुऱ्यावर चामखिळीसारख्या गाठी आणणारी देवी डासांमार्फतच पसरते. पोटात जंत असतील तर लसीचा परिणाम कमी होतो, म्हणून आठ-दहा दिवस आधी जंतनाशक द्यावे. मात्रा आणि नेमके दिवस दवाखान्यात विचारून घ्यावेत. आणि मर सुरू झाल्यावर लस आणायला धावू नये. तोवर विषाणू खुराड्यात शिरलेला असतो आणि लस उभी राहायला काही दिवस लागतात.

या वेळापत्रकात एक व्यावहारिक अडचण आहे. प्रत्येकीची रवण वेगळ्या दिवशी बसते, मग एकाच दिवशी एकाच वयाची पिल्ले कुठून आणायची? इथे जुन्या बायकांचे कसब उपयोगी पडते. गावरान कोंबडी बारा-पंधरा अंडी झाली की खुडूक होते. प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक वाढते, अंडी थांबतात, पोटाखालची पिसे झडून गरम कातडी उघडी पडते आणि ती कुणी जवळ आले तरी हलत नाही. खुडूक कोंबडी आठवडाभर नुसत्या रिकाम्या जागेवरही बसून राहते. तेवढ्यात शेजारच्या दोघी-तिघींच्या कोंबड्या खुडूक झाल्या, की सगळ्यांना एकाच दिवशी अंड्यांवर बसवायचे. एकविसाव्या दिवशी वस्तीवर एकदम तीस-चाळीस पिल्ले निघतात. नको असलेली खुडूक मोडायची तर कोंबडीला पोटापर्यंत गार पाण्यात बुडवतात. त्या उघड्या कातडीची ऊब गेली की काही दिवसांत ती पुन्हा अंड्यावर येते. तेवढे पुरते. नाकात पीस खुपसण्याचा उपाय मात्र सोडून द्यावा. त्याने फक्त कोंबडीला इजा होते.

एकाच दिवशी बसवायचे तर अंडी साठवावी लागतात, आणि उन्हाळ्यात पिल्ले कमी निघण्याचे कारण बहुधा तिथेच असते. साधारण पंचविशीच्या वर तापमान गेले की अंड्यातला गर्भ हळूहळू वाढू लागतो. पत्र्याच्या घरात चाळीस अंशांत फडताळावर ठेवलेले अंडे कोंबडीखाली जाण्याआधीच अर्धवट सुरू होते, मध्येच थांबते आणि खराब होते. ओल्या वाळूवर माठ ठेवायचा, त्यात कोरडा कोंडा घालून अंडी टोक खाली करून ठेवायची आणि आठवड्याच्या आत बसवायची. सातव्या रात्री अंधारात बॅटरीवर अंडे धरून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्या तर ठेवावे, स्वच्छ पिवळे दिसले तर काढून टाकावे.

पिल्ले निघाली की डालगे बाहेर येते. बांबूच्या कामट्यांचे हे उपडे टोपले घार, कावळा, मांजर, मुंगूस यांच्यापासून वाचवते. प्लॅस्टिकच्या जाळ्या आल्या आणि बुरुडांचे डालगे मागे पडले, पण हवा खेळण्याच्या बाबतीत बांबूला अजून तोड नाही. रोगाच्या अंगाने एक पथ्य मात्र पाळावे लागते. मर होऊन गेलेल्या खुराड्यातले डालगे तसेच शेजारी उसने देऊ नये. कामट्यांत विष्ठा अडकते. घासून धुवून दोन-तीन दिवस कडक उन्हात उपडे टाकावे. उन्हाळ्याचा एवढा तरी फायदा घ्यावा.

बाजारातून किंवा पाहुण्याकडून आलेली कोंबडी सरळ खुराड्यात सोडू नये. पंधरा दिवस वेगळ्या डालग्याखाली, वेगळ्या भांड्यात पाणी. राणीखेत अंगात असेल तर तो बहुधा आठवड्याभरात आणि फार तर पंधरवड्यात दिसतो. मेलेली कोंबडी उकिरड्यावर किंवा कालव्यात टाकू नये. कुत्री ती दुसऱ्या वस्तीवर नेऊन टाकतात. खोल खड्डा, वर चुना आणि माती.

आता बर्ड फ्लूबद्दल, कारण कोंबड्या मेल्या की पहिली भीती त्याचीच वाटते. भारतात त्याचा पहिला उद्रेक 2006 च्या फेब्रुवारीत आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला. 2021 च्या जानेवारीत परभणीतल्या मुरुंब्यापासून तो पुन्हा राज्यात दिसला आणि पुणे जिल्ह्यातही आला. नुसत्या डोळ्यांनी राणीखेत आणि बर्ड फ्लू यांत फरक करणे पशुवैद्यकालाही अवघड जाते. तुरा निळा पडणे, चेहरा सुजणे आणि एका रात्रीत बरेच पक्षी मरणे ही बर्ड फ्लूची शंका घेण्याजोगी लक्षणे, पण खात्री प्रयोगशाळेतच होते. राणीखेतने माणसाला फार तर डोळे येतात. बर्ड फ्लू माणसाला क्वचित होतो, पण झाला तर जीवघेणा ठरू शकतो. म्हणून एकाच वेळी अनेक पक्षी मेले तर उघड्या हातांनी उचलू नयेत, कापून पाहू नयेत, मुलांना दूर ठेवावे आणि दवाखान्यात किंवा 1962 या क्रमांकावर कळवावे. 2009 च्या कायद्याने असे कळवणे मालकावर बंधनकारकही आहे. कळवले तर सगळ्याच कोंबड्या मारतील, ही भीती खोटी नाही. बर्ड फ्लू निश्चित झाला तर ठरावीक परिघातले पक्षी नष्ट करतात. पण त्यासाठी सरकार भरपाई देते, आणि तपासणीत राणीखेत निघाला तर पक्षी मारत नाहीत, उलट आसपासच्या निरोगी वस्त्यांना वेळेत लस देता येते.

बायका एक प्रश्न नेहमी विचारतात: थेंब घातलेल्या कोंबडीचे अंडे लेकराला द्यावे का? द्यावे. लसीतला विषाणू कोंबडीसाठीच सौम्य असतो आणि शिजवलेल्या अंड्यात त्याचा मागमूस राहत नाही. लस हाताळणाऱ्या बाईने मात्र हात डोळ्याला लावू नये, काम झाल्यावर साबणाने धुवावेत. नाहीतर दोन दिवस डोळे लाल राहतात. कच्चे अंडे दुधात घालून पिण्याची सवय असेल तर ती लसीमुळे नव्हे, साल्मोनेला या जिवाणूमुळे सोडावी. आणि गावरान अंड्याचा बलक गडद पिवळा असतो तो कोंबडीने खाल्लेल्या हिरव्या पाल्यामुळे. लासोटाच्या थेंबाने तो फिका पडत नाही.